गोष्ट खरी की खोटी, हे तपासत बसू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील निवृत्त अभियंता, हिशेबाला पक्के. तरीही ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्या माणसाशी ते चाळीस मिनिटं बोलत राहिले आणि पैसे जाता जाता वाचले. मावशीचे मात्र गुंतवणुकीच्या एका अ‍ॅपमध्ये गेले, आणि आता ‘ते पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारा एकजण तिला रोज फोन करतोय. अशी फसवणूक ओळखायची कशी, आणि या माणसाचं काय करायचं?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते, कारण त्याला वेळ नाही. तो माणूसही चोर आहे. मावशीने त्याला काहीही देऊ नये: पैसे नाहीत, ओळखपत्राचा फोटो नाही, ‘फाइल उघडायची’ फी तर नाहीच. कारण पुढे सांगते.

मी बरीच वर्षं बँकेच्या फसवणूक तक्रारी बघणाऱ्या विभागात काढली, आता ग्राहकांना सल्ला देते. समोर बसलेल्या माणसाच्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, ‘मला कळत होतं हो, काहीतरी चुकतंय, पण…’ या ‘पण’मध्ये सगळा धंदा आहे. शंका येत नाही असं नसतंच. शंका येते, आणि तिला गप्प बसवण्याची पद्धतशीर सोय समोरच्याने करून ठेवलेली असते.

म्हणून वडिलांना ‘तुम्ही एवढे शिकलेले, तुम्हाला कळलं कसं नाही’ असं कृपा करून म्हणू नका. 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या एका स्तंभलेखिकेने स्वतःच लिहून सांगितलं होतं, की सरकारी अधिकारी म्हणवणाऱ्या माणसाच्या सांगण्यावरून तिने 50,000 डॉलर बुटांच्या खोक्यात भरून अनोळखी माणसाच्या हवाली केले. तिचा लेखनाचा विषय होता पैशाचं व्यवस्थापन. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे येणाऱ्या तक्रारींत तर वर्षानुवर्षं दिसतं, की पैसे गेल्याचं सांगणाऱ्यांत विशीतल्या मुलामुलींचं प्रमाण सत्तरीतल्यांपेक्षा जास्त असतं. फरक एवढाच, की म्हाताऱ्या माणसाचे जातात तेव्हा रक्कम मोठी असते, कारण साठवलेलं त्याच्याकडेच असतं.

आता मुद्द्यावर. ‘सावध राहा’ या सल्ल्याचा मला कंटाळा आला आहे. तो ऐकून लोक काय करतात, तर समोरच्याची गोष्ट खरी आहे का ते तपासू लागतात. पार्सल अडकलंय म्हणतो, मी खरंच काही मागवलं होतं का? हो, मागवलं होतं. खात्याचे शेवटचे चार आकडे सांगतो, ते बरोबर आहेत का? हो, बरोबर आहेत. म्हणजे माणूस खरा! गोष्ट तपासायला बसलात की तुम्ही त्याच्या मैदानावर उतरलात. ती गोष्ट त्याने तुमच्यासारख्या शेकडो लोकांवर घासून गुळगुळीत केलेली असते, तुम्ही ती पहिल्यांदा ऐकत असता. नाव, पत्ता, जन्मतारीख, खात्याचे तुकडे हे चोरीच्या याद्यांमधून मिळतं. ते माहीत असणं हा ओळखीचा पुरावा नाही.

गोष्टी रोज नव्या येतात, मागणीचा साचा मात्र जुनाच राहतो. म्हणून गोष्ट सोडून द्या आणि मागणीकडे बघा. सुरुवात कोणी केली, मी की त्याने? हे आत्ताच, याच फोनवर का व्हायला हवं? कोणाला सांगू नका असं का म्हणतोय? आणि हे पैसे गेले तर कोणत्या वाटेने परत येतील? या चारांची उत्तरं मिळाली की गोष्ट खरी होती की खोटी, याची चौकशी करायची गरजच उरत नाही. खऱ्या बँकेला तुम्ही फोन ठेवून दहा मिनिटांनी स्वतः केलेला चालतो. चोराला तेवढंच चालत नाही.

एक प्रसंग डोळ्यासमोरून जात नाही. एक बाई काउंटरवर आल्या, मुदत ठेव मोडायची होती. कारण विचारलं तर ‘घराचं काम’. उत्तर पाठ केल्यासारखं. पदर सारखा कानाशी. माझ्या सहकारिणीच्या लक्षात आलं की पदराआड इअरफोन आहे. तिने काही न बोलता फॉर्मच्या मागे पेन्सिलीने लिहिलं, ‘फोनवर कोणी ऐकतंय का?’ आणि कागद फिरवून समोर सरकवला. बाईंनी तो वाचला, काहीच बोलल्या नाहीत, फक्त डोळे भरून आले. फोन तीन तास चालू होता. पलीकडच्याने बजावलं होतं की बँकेतले लोकही सामील आहेत, त्यांना खरं कारण सांगायचं नाही. हेच तर कौशल्य: ज्या माणसांनी अडवलं असतं, त्यांनाच आधी संशयित ठरवून टाकायचं. तुम्हाला मदत करू शकेल अशा माणसापासून कोणी तुम्हाला तोडत असेल, तर बाकी काही तपासायची गरज नाही. ‘घरच्यांना सांगू नका’, ‘बँकेत दुसरं कारण सांगा’, ‘कॉल कट करू नका’, यांतलं एक वाक्य आलं की फोन ठेवायचा. उद्धटपणा वाटला तरी ठेवायचा. वडिलांच्या पिढीला हे अवघड जातं. समोरचा सभ्यपणे बोलत असताना फोन आपटणं त्यांच्या अंगवळणीच नाही, आणि चोराला ते नेमकं ठाऊक असतं. त्यांना एक वाक्य घोकून द्या: ‘मी दोन मिनिटांत तुम्हाला फोन करतो.’ आणि मग कार्डाच्या मागे छापलेला नंबर लावायचा, फोनवर आलेला नव्हे.

नंबरवरून आठवलं. ‘पण स्क्रीनवर बँकेचाच नंबर दिसत होता’ हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. इंटरनेटवरून केलेल्या कॉलमध्ये पलीकडे कोणता नंबर दिसावा हे कॉल करणाऱ्याला ठरवता येऊ शकतं. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव लिहिण्यासारखंच आहे ते, काहीही लिहा. मेसेजचंही तसंच. खोट्या नावाने आलेला मेसेज तुमच्या फोनमध्ये बँकेच्या खऱ्या मेसेजांच्याच रांगेत जाऊन बसू शकतो, कारण फोन फक्त नाव जुळवतो. म्हणून आलेल्या संपर्कावरून ओळख पटवायचीच नाही. ओळख पटते ती तुम्ही शोधलेल्या वाटेने उलट केलेल्या संपर्कातून.

आणि हे आवाज, चेहरा दोन्हींना लागू आहे. 2024 मध्ये हाँगकाँगमधलं एक प्रकरण उघडकीस आलं. अरूप या बांधकाम-अभियांत्रिकी कंपनीच्या तिथल्या वित्त विभागातल्या कर्मचाऱ्याला गुप्त व्यवहाराबद्दल ईमेल आला, त्याला संशयही आला. मग व्हिडिओ कॉल झाला. कॉलवर मुख्य वित्त अधिकारी आणि ओळखीचे सहकारी दिसले, बोलले. संशय मिटला आणि सुमारे 20 कोटी हाँगकाँग डॉलर गेले. कॉलवरचे ते सगळे ‘सहकारी’ संगणकाने बनवलेले होते. माझ्या मते या प्रकरणात शिकण्यासारखं आहे ते त्या तंत्रज्ञानाबद्दल नव्हे. संशय आल्यावर खात्री कुठे केली, हे बघा: समोरच्यानेच उघडून दिलेल्या खिडकीत. घरात आत्ताच एक परवलीचा शब्द ठरवून टाका. मुलाच्या आवाजात ‘बाबा, अपघात झालाय, पैसे पाठवा’ असा फोन आला तर विचारायचा शब्द. जन्मगाव, शाळा, कुत्र्याचं नाव असला नको, ते सगळं सोशल मीडियावर पडलेलं असतं.

लिंकबद्दल एकच गोष्ट दाखवते, कारण ती कुणी नीट सांगत नाही. समजा पत्ता असा आहे: ‘माझीबँक.कॉम.खाते-तपासणी.नेट/लॉगिन’. डोळा डावीकडून वाचतो आणि ‘माझीबँक.कॉम’ दिसलं की थांबतो. पत्ता उलटा वाचायचा. आधी पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा (सुरुवातीच्या जोडरेघा सोडून), आणि तिथून डावीकडे या. पहिले दोन तुकडे म्हणजे ‘खाते-तपासणी.नेट’. हा त्या जागेचा मालक. त्याच्या डावीकडे तो हवं ते नाव लावू शकतो, जसं स्वतःच्या घराच्या कुठल्याही खोलीला ‘राजवाडा’ म्हणता येतं. काही देशांत शेवटी दोनऐवजी तीन तुकडे मोजावे लागतात, पण दिशा तीच. आणि पत्त्याच्या शेजारी दिसणारं ते कुलपाचं चिन्ह? त्याचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि त्या साइटच्या मध्ये कोणी चोरून वाचत नाही. साइट चोराचीच असेल तर माहिती सुरक्षितपणे चोराकडे पोहोचते! लोक कुलपाचा चुकीचा अर्थ लावतात म्हणून 2023 मध्ये क्रोम ब्राउझरने ते चिन्हच काढून टाकलं.

खरं तर लिंक वाचता आली नाही तरी बिघडत नाही. आलेल्या लिंकवरून कधीच लॉगिन करायचं नाही, अ‍ॅप स्वतः उघडायचं, एवढं पाळलं तरी पुरे. पासवर्ड मॅनेजर वापरलात तर आणखी बरं. चुकीच्या पत्त्यावर तो पासवर्ड भरायलाच नकार देतो, कारण तो रंग आणि बोधचिन्ह बघत नाही, अक्षरं जुळवतो. घरातला सगळ्यात संशयी सदस्य तोच.

भाषेच्या चुकांवरून चोर ओळखा असं पूर्वी सांगत. आता तो आधार गेला, यंत्र शुद्ध लिहून देतं. पण त्या चुकांमागेही हिशेब असू शकतो हे लक्षात घ्या. मायक्रोसॉफ्टमधले संशोधक कॉर्मक हर्ली यांनी 2012 मध्ये मांडलं, की हास्यास्पद वाटणारी पत्रं चोराच्या फायद्याची असतात. पत्र पाठवायला काहीच खर्च नाही, पण उत्तर देणाऱ्याशी आठवडाभर बोलायला खर्च आहे. शंकेखोर माणसं पहिल्या ओळीलाच हसून निघून जावीत, उरतील ते कामाचे. तेव्हा ‘इतकं उघड खोटं कोण मानेल’ असं वाटलं तर समजावं, की ते तुमच्यासाठी लिहिलेलंच नव्हतं. तुमच्यासाठी वेगळं लिहिलेलं असतं.

आता पैशाची वाट. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नेमका यावरच कोणी बोलत नाही. क्रेडिट कार्डाने दिलेले पैसे वादात घालता येतात, माल आला नाही तर कार्ड देणाऱ्या संस्थेमार्फत रक्कम परत मागण्याची ठरलेली पद्धत असते. खात्यातून खात्यात तुम्ही स्वतः पाठवलेले पैसे परत आणणं फार अवघड, कारण व्यवहार तुमच्याच संमतीने झालेला असतो आणि पलीकडून ते काही मिनिटांत पुढच्या खात्यांत पांगतात. क्रिप्टोत तर ‘रद्द करा’ म्हणायला मधे कोणी नसतंच. गिफ्ट कार्डचे आकडे फोनवर वाचून दाखवले की ते रोख रकमेसारखे गेले. म्हणून विक्रेता कार्ड सोडून दुसरीकडे वळवू लागला, ‘तिकडे दिलंत तर सवलत’ म्हणाला, की ती सवलत नव्हे. तुमचा परतीचा रस्ता तो विकत घेतोय. कुठलंही सरकारी खातं, कर विभाग, पोलीस किंवा न्यायालय गिफ्ट कार्डमध्ये दंड घेत नाही. याला अपवाद मी आजवर ऐकलेला नाही.

पिन आणि ओटीपी यांच्याबद्दल इतकं बोललं गेलंय की एकच सांगते: पैसे घ्यायला यांची गरज नसते, द्यायला असते. ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचायची सवय लावा. आकड्यांच्या बाजूलाच बहुधा लिहिलेलं असतं की तो कशासाठी आणि किती रकमेचा आहे. घाईत माणूस फक्त आकडे बघतो. आणि ‘मदत करतो’ म्हणून कोणी फोनवर स्क्रीन शेअरचं अ‍ॅप उतरवायला लावलं, तर ओटीपी सांगायचीही गरज उरत नाही, तो समोर बसून वाचतो.

मावशीच्या प्रकाराकडे येते. गुंतवणुकीच्या फसवणुकीत घाई नसते, म्हणून ती लोकांना फसवणूक वाटत नाही. आधी ओळख, गप्पा, आठवडेच्या आठवडे. मग छोटी रक्कम, आणि ती नफ्यासकट खरोखर परत काढू देतात. मावशीलाही पहिल्यांदा पैसे मिळाले असतील, विचारून बघा. तो परतावा म्हणजे गळाला लावलेलं आमिष. पुढे अ‍ॅपवर वाढत जाणारा आकडा दिसतो तो नुसता आकडा आहे, त्यामागे पैसे नाहीत. मोठी रक्कम काढायला गेलं की ‘आधी कर भरा’. खरा कर किंवा शुल्क नफ्यातून कापून घेता येतं. ते बाहेरून वेगळं आणून भरायला लावलं की जाळं उघड झालं.

युक्ती जुनी आहे. 1920 साली बॉस्टनमध्ये चार्ल्स पॉन्झीने 45 दिवसांत 50 टक्के नफा देऊ केला. परदेशी टपालाची उत्तर-कूपनं (ज्यांच्या बदल्यात दुसऱ्या देशात उत्तरासाठी तिकिटं मिळतात) स्वस्तात घेऊन महाग विकतो अशी त्याची गोष्ट होती, आणि गोष्टीत तथ्य नव्हतंच असं नाही, भावात फरक खरोखर होता. लोक तेच तपासत बसले. मग कोणीतरी हिशेब केला: एवढ्या गुंतवणुकीला सुमारे 16 कोटी कूपनं फिरत असायला हवीत, फिरत होती 27 हजारांच्या आसपास. जुन्यांना नफा नव्यांच्या पैशातून जात होता. लोकांचे पैसे गुंतवून देणाऱ्या न्यूयॉर्कच्या बर्नार्ड मॅडॉफने 2008 पर्यंत तेच केलं, फक्त जास्त शहाणपणाने. त्याचा परतावा डोळे दिपवणारा नव्हता, पण बाजार वर असो की खाली, तो जवळजवळ चुकत नसे. हॅरी मार्कोपोलोस या विश्लेषकाने 2000 पासून नियामकांना पुन्हा पुन्हा सांगितलं की असा सरळ रेषेतला आलेख शक्यच नाही. ऐकलं गेलं नाही. मोठा नफा बघून माणूस बिचकतो, पण नियमित नफा बघून निर्धास्त होतो. मला विचाराल तर दुसरा जास्त घातक.

आणि शेअरच्या अचूक टिपा देणारे? कागद घ्या. 1024 लोकांना मेसेज करा: निम्म्यांना ‘उद्या भाव वाढेल’, निम्म्यांना ‘पडेल’. ज्यांच्या बाबतीत चुकलं त्यांना सोडून द्या. उरले 512. पुन्हा तेच. 256, 128, 64, 32. पाच दिवसांनी 32 माणसांनी सलग पाच भाकितं खरी ठरताना बघितलेली असतात. भाकीत सांगणाऱ्याला शेअर बाजारातलं ओ की ठो कळत नाही.

नोकरीचं आमिष, आधी पैसे भरा मग काम, हे आता सगळ्यांना माहीत आहे. त्यापेक्षा एक प्रकार सांगते ज्यात माणूस फसतो आणि वर गुन्हेगारही ठरतो: ‘तुमच्या खात्यात पैसे येतील, कमिशन ठेवून पुढे पाठवा.’ ते दुसऱ्या कुणाचे चोरलेले पैसे असतात. खातं गोठतं तुमचं आणि चौकशीलाही तुम्हालाच बोलावतात. कॉलेजच्या मुलांना हे आवर्जून सांगा.

पैसे गेलेच तर? रडणं, भांडणं नंतर. आधी बँकेला फोन, तोही पहिल्या तासात, कारण पैसे पुढच्या खात्यात पोहोचण्याआधी अडवता येण्याची जी काही शक्यता असते ती तेव्हाच. मग ईमेलचा पासवर्ड बदला, बँकेच्या पासवर्डच्याही आधी, कारण बाकीचे पासवर्ड बदलायच्या लिंक ईमेलवरच येतात. ईमेलच्या सेटिंगमध्ये कोणी परस्पर पत्रं दुसरीकडे वळवली नाहीत ना, तेही बघा. फोनमध्ये नवं अ‍ॅप टाकायला लावलं असेल तर इंटरनेट बंद करा आणि हे सगळं दुसऱ्या फोनवरून करा. चॅट लाजेखातर पुसून टाकू नका, बरेचजण हेच करतात आणि पुरावा जातो. मग पोलिसांत लेखी तक्रार, व्यवहाराच्या क्रमांकांसकट.

आता मावशीच्या मागे लागलेला तो माणूस. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. एकदा पैसे दिलेला माणूस चोराच्या लेखी सगळ्यात किमती गिऱ्हाईक, आणि पुष्कळदा फोन करणारा तोच, नुसतं नाव बदललेलं. म्हणून त्याला मावशीची नेमकी रक्कम आणि तारीख माहीत आहे. ते कळलं कसं, हे मावशीने स्वतःला विचारलं तरी पुरे. तो वकील म्हणवेल, तपास अधिकारी म्हणवेल, पैसे सापडलेत असं पत्रही दाखवेल. आधी फी मागेल.

मावशीला मात्र नुसतं ‘नको’ म्हणून भागणार नाही. तिला पैशापेक्षा ‘मी मूर्ख नव्हते’ हे कोणीतरी परत मिळवून द्यायला हवंय, आणि सध्या तिच्याशी गोड बोलणारा तो एकटाच आहे. तेव्हा आज संध्याकाळी तिच्याकडे जा, तिच्या फोनवर त्या माणसाचा नंबर तिच्यासमोरच ब्लॉक करा, आणि झालं कसं ते तिला पहिल्यापासून सांगू द्या, मध्ये न बोलता.